पहाटे उघडायचं दार

सोमवार, ३ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. भाजीच्या ट्रकवाल्यानं ते कोबीच्या पोत्यातून काढून दिलं. पाकिटाला ओल आली होती, पण शाई फुटली नव्हती. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, ओळ संपत आली की खाली घसरणारं.

वर डोंगरावर तुम्ही फोन ठेवत नाही, म्हणून हे लिहावं लागतंय. एका अर्थी बरंच आहे. फोनवर आपण दुसऱ्याच वाक्याला भांडलो असतो.

आधी तुझ्या मुद्द्याचं. तू लिहितोस, की तीस तारखेला, रविवारी, तुमच्या वस्तीची जीप खाली येईल. तिच्यात आईनं आणि मी बसायचं. त्या संध्याकाळी समितीच्या ठरावाप्रमाणे फाटक बंद होईल आणि मग सख्ख्या नातेवाइकालाही आत घेणार नाहीत. हे आमंत्रण आहे की नोटीस, ते मला पुन्हा पुन्हा वाचूनही ठरवता आलं नाही. पण तू बोलावलंस. ते मी खोटं मानत नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही. बाबा गेल्यावर दिवसभरही न थांबता तू सामान भरलंस आणि ती म्हणाली, 'पळतोयस, पळ', तेव्हापासून तिनं तुझं नाव घेतलेलं नाही. विचारायचंच झालं तर 'वरच्यांकडे पाऊस झाला का?' असं हवापाण्याचं विचारल्यासारखं विचारते. मी सांगते झाला म्हणून. झाला की नाही, मला कुठं माहीत असतं.

मी येणार नाही. कारण तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, नाहीतर तुला वाटेल हट्ट करतेय. कोठारातला गहू तपासणं, टिकवणं आणि पुढच्या पिकापर्यंत गावाला पुरवणं हे माझं काम आहे. बाबा बसायचे त्याच खोलीत मी बसते. गेल्या हंगामात दाणा भरायच्या वेळेलाच उष्णतेची लाट आली आणि निम्म्याहून जास्त पीक उभ्या उभ्या वाळलं. बाहेरून जहाजानं यायचा तो गहू थांबला, कारण ज्यांच्याकडून यायचा त्यांच्याकडे महापूर आला. त्यामुळे नवं पीक येईपर्यंत, म्हणजे येणार असेल तर, गावाचा घास या एका इमारतीत आहे. अशा वेळी कोठाराची बाई जीपमध्ये बसली, एवढं एक दृश्य लोकांना पुरेल.

तू नदीपलीकडच्या गावाचं उदाहरण दिलंस. सगळं कोसळणार आहे, शहाणा माणूस आधी निघतो, वगैरे. ते गाव मीही पाहिलंय, फुटलेल्या काचांसकट. पण दादा, ते उपासमारीनं मोडलं नाही. त्यांच्या कोठारात धान्य होतं. कुणीतरी म्हणालं की संपलंय, आणि दोन दिवसांत खरोखरच संपलं. मग मालाचे ट्रक यायचे बंद झाले, मग पाणी सोडणारी माणसं गेली, मग शाळा. शेवटी जे उरले ते तुमच्यासारख्यांच्या फाटकाशी येऊन उभे राहिले असतील. त्यांना तुम्ही काय सांगितलंत ते मी विचारत नाही.

तुझ्या पत्रातली एक ओळ मात्र मनात राहिली. पहाटे ढग दारातून सरळ घरात येतात, आईला फार आवडेल, ही. इथे पहाटेसुद्धा उशी ओली होते घामानं.

बाकी इथे सगळं ठीक आहे.

जाता जाता एक. बाबांची लोखंडी सळई तू जाताना नेली होतीस. ती सोमवारच्या ट्रकबरोबर पाठवशील का? खोलीत भिंतीवर लावावी म्हणते. आठवण म्हणून.

तुझी बहीण


सोमवार, १० एप्रिल

दादा,

सळई आली नाही. चिठ्ठी आली, आणि चिठ्ठीत दोनच शब्द. 'किती थप्प्या?'

वाचून मी कोठाराच्या पायरीवर बसूनच घेतलं. ट्रकवाला म्हणाला, बाई, वाईट बातमी का. मी म्हटलं, नाही, भाऊ आहे. तो म्हणाला, मग वाईटच.

आठवण म्हणून मागितली असं लिहिलं की तू फसशील, असं मला वाटलं होतं. सळई पोत्यांच्या थप्पीत मधोमध खुपसायची, जरा वेळानं ओढायची आणि मुठीत धरायची. गरम लागली तर धान्य आतून तापतंय. हे आपण दोघं एकाच माणसाकडून शिकलो. भिंतीवर लावायला सळई कोण मागतं?

तेव्हा खरं लिहिते. मागच्या भिंतीलगतच्या थप्प्या. चार नक्की, कदाचित सगळी रांग.

माझी परखी, पोत्यात खुपसून नमुना काढायची नळी, बाहेरच्या पोत्यांपर्यंतच पोचते. तिच्यातून दर आठवड्याला स्वच्छ, कोरडा, खणखणीत दाणा निघत होता. खात्यानं द्यायची तापमापकं दोन वर्षांत आलेली नाहीत. मला आधी वासच आला. घडी करून विसरलेल्या ओल्या कपड्याचा असतो तसा, पण गोडसर. मुकादमाला बरोबर घेऊन एका थप्पीचे वरचे थर उतरवले. तो म्हणत होता, बाई, तुम्हाला भास होतोय, उन्हाळा डोक्यात गेलाय. मधलं पोतं ओढलं तर ते खालच्याला चिकटून आलं. आत राखाडी-हिरवा गोळा झालेला. हात घातला तर तापकऱ्याच्या काखेसारखा ऊबदार. मुकादम बाहेर गेला. हात धुऊन आला आणि पुन्हा धुवायला गेला.

आता कारण. मी चार दिवस ते उलटंसुलटं करून पाहिलं, दुसरं कारण सापडावं म्हणून. सापडलं नाही.

दाराच्या आतल्या बाजूला बाबांनी रंगवलेली ओळ तुला आठवत असेल. 'पहाटे उघडा. ऊन चढलं की लावा.' आपण त्यावरच वाचायला शिकलो. तेव्हा पहाटेची हवा कोरडी आणि गार असायची, ती आत घेतली की धान्य दिवसभर टिकायचं. आता पहाटेची हवा म्हणजे भांड्यावरचं झाकण काढल्यावर तोंडावर येते ती वाफ. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब फुटतात तसे आतल्या गार पोत्यांना फुटले असणार. एकदा नाही, रोज. आणि दार रोज मीच उघडत होते, दादा. कधी चुकवलं नाही. तापात उठून गेलेय. आठवड्यातून दोन दिवस तरी आळस केला असता, तर आज बरं झालं असतं.

खात्याच्या साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट वर कळवायची असते आणि वर आता उत्तर द्यायला कोण उरलंय याची कुणालाच कल्पना नाही. ते म्हणाले, खराब गहू चांगल्यात थोडा थोडा मिसळून द्या, कुणाच्या लक्षात येणार नाही. मी म्हटलं, ही बुरशी विषारी असते, लिव्हरवर जाते, आधी लहान मुलं पडतील. तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही खरं सांगितलंत तर दोन दिवसांत आपलं नदीपलीकडचं गाव होईल. मग चांगला गहूही कुणाच्या तोंडी लागणार नाही. त्यापेक्षा चार मुलांची पोटं बिघडलेली काय वाईट?"

मला त्यांचा राग आला, पण ते खोटं बोलत नव्हते. तेच माझं अवघड आहे. गप्प बसले तर विष वाटते, बोलले तर गाव मोडते. तिसरा रस्ता असला तर मला दिसत नाही, आणि ज्या एका माणसाला पोत्यांतलं माझ्याइतकंच कळतं तो डोंगरावर जाऊन बसलाय.

हे मी गावाआधी तुला सांगतेय. हे बरोबर नाही हे मला कळतं. जे खाणार आहेत त्यांना माहीत नाही आणि जो फाटकाआड आहे त्याला माहीत झालं. तरी लिहिलं, कारण वहीत लिहिलं तर वही उत्तर देत नाही. तुझ्याजवळच ठेव. समितीला नको, वहिनीलाही नको. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस, एवढंच कळव. आणि सळई पाठव.

तुझी बहीण


शुक्रवार, १४ एप्रिल

उत्तर मिळालं. तू लिहिलेलं नाही, तरी मिळालं.

काल सकाळी तुमच्या वस्तीचे दोन ट्रक बाजारात आले. गहू, पीठ, बिस्किटं, पाखरांना घालायचे दाणेसुद्धा, दिसेल त्या दुकानातून आणि सांगतील त्या भावानं उचलले. कुणी घासाघीस केली नाही. बेकरीवाल्या बाईच्या ते तिथेच लक्षात आलं. वरची माणसं कधी घासाघीस सोडत नाहीत, ती म्हणाली, तेव्हा वरच्यांना असं काहीतरी ठाऊक आहे जे आपल्याला नाही. दुपारपर्यंत दुकानांच्या फळ्या लागल्या. त्यानंतर लोक कोठाराकडे वळले.

तू कुणाला सांगितलंस, कसं सांगितलंस, मला जाणून घ्यायचं नाही. मी तुला भाऊ समजून लिहिलं आणि तू समितीचा सदस्य म्हणून वाचलंस.

साहेबांनी बायकामुलांना गाडीत बसवलं, मुख्य कचेरीत जाऊन येतो म्हणाले. गाडीच्या टपावर गाद्या बांधल्या होत्या. कचेरीत कुणी गाद्या घेऊन जात नाही, हे कोठाराच्या फाटकाशी उभ्या असलेल्या शंभर माणसांनी पाहिलं.

मुकादमानं मला बाजूला घेतलं. हमालांचं असं म्हणणं होतं, की प्रत्येकानं एकेक पोतं घरी न्यावं, मग कुलूप लावावं आणि जे होईल ते होवो. त्यांच्याच बायका बाहेर रांगेत होत्या. मी नको म्हटलं, तर तो म्हणाला, ठीक आहे, तुम्ही सांगाल तोवर थांबतो, पण लवकर सांगा, मी मुकादम आहे, देव नाही.

आज रांगेतून एकीनं जाळीला तोंड लावून विचारलं, बाई, आत काय आहे? मी म्हटलं, उद्या सांगते. मला वाटलं मी वेळ मारून नेली. चेहरे पाहिले तेव्हा कळलं, की मी कबुली दिली होती.

घरी आले तर आई भांडी घासत होती. तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या पत्रापासून. जीपचंही. ती पाठमोरीच होती. म्हणाली, "आधी त्याला सांगितलंस?"

मी हो म्हटलं.

"आणि गावाला?"

मी घासलेली भांडी पालथी घालायला लागले.

"मग तोही वरचा आणि तूही वरचीच. फक्त तुला डोंगर चढायचा कंटाळा."

दादा, मी तासभर तुझ्यावर चिडून होते. तिच्या त्या वाक्यानंतर तेवढं नीट चिडताही येईना. तू तुझ्या माणसांना आधी सांगितलंस. मी माझ्या माणसाला आधी सांगितलं. तुझी माणसं जास्त आहेत, एवढाच फरक मला सापडतोय. आणखी एखादा असेलही, पण आत्ता शोधवत नाही.

उद्या दुपारी दोन्ही दारं उघडणार आहे. दुपारी, कारण हवा तेव्हाच कोरडी असते. मुकादमाला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, जाळी उघडली की पहिल्यांदा तुम्हीच चिरडल्या जाल, तेव्हा जरा कडेला उभ्या राहा.

मला भीती वाटतेय. हे तुलाच लिहावं लागतंय, यापेक्षा वाईट काय असणार.


बुधवार, १९ एप्रिल

सोमवारच्या ट्रकला पत्र द्यायला जमलं नाही, आज तो पुन्हा आलाय. हातांना फोड आलेत, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

शनिवारी लोक सकाळपासून जमले होते. ऊन असं, की जाळीला हात लावला तर चटका बसत होता, तरी हात होतेच. मी मनात भाषण तयार केलं होतं, टप्प्याटप्प्यानं सांगायचं असं. जाळी उघडली तसा एक दगड आला, माझ्या खांद्याला लागला आणि भाषण विसरलं. मग जे तोंडाला आलं ते बोलले.

"मागच्या थप्प्या आतून सडल्यात. पुढच्या चांगल्या असाव्यात, पण मला खात्री नाही. खाल्लं तर विष आहे. कुठलं पोतं चांगलं नि कुठलं वाईट, हे फोडून पाहिल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही."

बेकरीवाली पुढेच होती. तिनं विचारलं, तुम्हालाच खात्री नाही तर मग तुम्ही इथे बसता कशाला? मी म्हटलं, तेच मीही चार दिवस विचारतेय.

मग रेटा आला. मी भिंतीला लागले. लोक माझ्यासमोरून आत गेले आणि मला वाटलं, संपलं, आता आपलंही नदीपलीकडचं झालं. एका हमालानं तर पोतं पाठीवर घेतलंसुद्धा आणि तो दाराकडे निघाला. मुकादम दारात आडवा उभा राहिला. तो ओरडला नाही. नेहमीच्या आवाजात विचारलं, "ने की. पण कुठल्या थप्पीचं आहे ते? मागचं असलं तर आधी सासूला घाल, आठवडाभर वाट बघ, मग पोरांना दे."

कुणीतरी हसलं. तो हमाल हसला नाही, पण थांबला. पोतं खाली ठेवलं आणि त्याच्याकडे असा बघत राहिला जसं ते आता त्याला चावणार आहे. त्याच्यामागे आणखी दोघांनी पोती उचलली होती, त्यांनीही ठेवली.

तो क्षण मी पुन्हा पुन्हा आठवतेय. मी काही केलं नव्हतं. मी गावाला शहाणपण शिकवलं वगैरे काही नाही, आणि गाव एकदम चांगुलपणानं वागलं असंही नाही. गोष्ट साधी होती. लुटायचं तरी आधी निवडावं लागणार होतं. एक पोतं घरी नेऊन काळोखात फोडणाऱ्याला ते चांगलं की वाईट कसं कळणार? त्याला ते उजेडात ओतावं लागणार, चार जणांच्या नजरेखालून घालावं लागणार. साहेबांचं गणित तिथे चुकलं, आणि माझंही. आम्हाला वाटत होतं खरं सांगितलं की लोक धावतील. धावले. पण अर्धंच खरं कळलेलं होतं तेव्हा जास्त धावले होते.

तेवढ्यात आई आली. कुणी बोलावलं नव्हतं. डोक्यावर ओला टॉवेल, एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात आपलं ते मोठं कडेला चेपलेलं ताट. दारात सावली बघून खुर्ची मांडली, पहिलं पोतं समोर ओतायला लावलं आणि एक मूठ ताटात घेऊन बोटांनी पसरली. वास घेतला. बाजूला उभ्या असलेल्या बेकरीवालीला म्हणाली, "तोंड काय बघतेस? ताट घेऊन ये."

तासाभरात अंगणात चादरी अंथरल्या गेल्या. दुपार ते संध्याकाळ, उन्हात, चार दिवस. मी एका चादरीवरून दुसरीवर, चिकटलेला दाणा कसा ओळखायचा ते दाखवत. जो गोळा झालाय तो सरळ बाजूला, जो नुसता ओलसर आहे तोही मन घट्ट करून बाजूला. लोकांना ते जड गेलं. एक म्हातारा माझ्याशी एका ओंजळीसाठी भांडला, म्हणाला, मी असलं खाऊन मोठा झालोय. असेलही. खराब गहू वीटभट्टीत जाळला, सगळ्यांसमोर. वास अजून केसांत आहे.

निम्म्याहून थोडं जास्त वाचलं. पुढच्या पिकापर्यंत ते पुरायचं तर प्रत्येकाला कमी जेवावं लागेल, आणि पुढच्या पिकाचं कुणी सांगू शकत नाही. सगळं गोड झालं असंही समजू नकोस. रविवारी सकाळी पुढची दहा-बारा पोती गायब होती. आमच्या गल्लीतली दोन घरं कुलूप लावून गेली. पण आज सकाळी नळाला पाणी आलं. सोडणारा माणूस जागेवर आहे.

साहेब काल परतले. रजेवर होतो म्हणाले. आईनं त्यांच्या हातात ताट दिलं.

दारावरची बाबांची ओळ मी पुसायला निघाले होते. आई म्हणाली, पुसू नकोस, त्यांच्या वेळी ते खरं होतं. खाली आपलं लिही. मी लिहिलं, 'आधी हवा बघा.' अक्षर बाबांच्या मानानं वाकडं आलंय.

आणखी एक लिहायचं होतं, पण ट्रकवाला भोंगा वाजवतोय.


रविवार, ३० एप्रिल

दादा,

जीप बाहेर उभी आहे. सळई मिळाली. तुझं पत्रही. जीपवाला पंख्याखाली पाणी पितोय आणि मी घाईनं लिहितेय, कारण संध्याकाळच्या आत त्याला वर पोचायचंय.

तू लिहितोस, की वस्तीत येताना प्रत्येकानं शपथ घेतलेली असते, खालचं काही कळलं तर समितीपासून लपवायचं नाही, म्हणून सांगावं लागलं. ट्रक पाठवायचे हे तू ठरवलं नाहीस, पण विरोधही केला नाहीस. इतकं नेमकं लिहिलंस त्याबद्दल राग जरा उतरला. 'माफ कर' असं मोघम लिहिलं असतंस तर उतरला नसता.

आता माझी पाळी. मागच्या पत्रात ट्रकवाला भोंगा वाजवतोय असं लिहिलं. वाजवत नव्हता. तो झाडाखाली झोपला होता.

मला जे लिहायचं होतं ते मी 'आधी हवा बघा' लिहीत असतानाच डोक्यात आलं होतं. ब्रश हातात होता आणि तुझी ओळ आठवली, पहाटे ढग दारातून आत येतात. घराच्या दारातून येत असतील तर कोठाराच्या दारातून का येणार नाहीत? तुमचं कोठार तू बांधलंस. तुला बांधायला आणि राखायला कुणी शिकवलं, हे मला विचारावं लागत नाही. आज पत्रात तू आईला धीर द्यायला लिहिलंयस, कोठार अगदी बाबांच्या पद्धतीचं आहे, दार मी रोज पहाटे स्वतः उघडतो. वाचून मला नवं काही कळलं नाही. अकरा दिवस मला हे माहीत होतं.

लिहिलं नाही. पहिले एक-दोन दिवस मी स्वतःला सांगत होते, खात्री नाही तर उगीच कशाला घाबरवायचं. नंतर तेही सांगायचं बंद केलं. खरं असं होतं, की चादरींवर वाकलेल्या बायका आठवल्या की मला वाटायचं, वरच्यांनाही एकदा कळू दे. तुमच्याकडे लहान मुलं किती आहेत ते मला ठाऊक आहे, तू पहिल्याच पत्रात अभिमानानं लिहिलं होतंस. ते ठाऊक असून मला तसं वाटलं. काल आईला सांगितलं. ती मला रागावली नाही, हे जास्त लागलं.

आज जीप आल्यावर आम्ही दोघींनी सळई घेऊन कोठारात जाऊन पाहिलं. उरलेल्या थप्प्यांत एकेक करून खुपसली. थांबलो. ओढली. आधी आईनं मुठीत धरली, मग मी. गार होती. आईनं पदरानं सळई पुसली आणि पुन्हा किंतानात गुंडाळायला लागली. मला वाटलं, जपून ठेवतेय.

मग तिनं विचारलं, "तू पत्रात हे लिहिलंस, तर तो काय करेल?"

मी म्हटलं, समितीपुढे ठेवेल.

"आणि समिती?"

आधी बाजार उचलायला ट्रक पाठवेल. मग कदाचित थप्पी फोडून बघेल. कदाचित म्हणेल, खालच्यांची चाल आहे, आपल्याला घाबरवून फाटक उघडायला लावतायत.

"मग नुसतं पत्र काय कामाचं? मी जाते."

मी तिला सांगितलं, की आज संध्याकाळी फाटक बंद होणार आहे, एकदा आत गेलीस तर परत सोडतील की नाही ते त्यांनाही माहीत नसेल. तिचे गुडघे, तिची गोळी, उन्हातला घाट, जे जे सुचलं ते सांगितलं. ती ट्रंकेतून लुगडी काढत होती. म्हणाली, "तीन वर्षांनी तो मला वाचवायला बोलावतोय. कधी नव्हे ते मला जावंसं वाटतंय तर तू आडवी येतेस?"

तेव्हा ती येतेय. तुझ्या हाकेला ओ देऊन नाही, हे लक्षात ठेव. तिच्या पिशवीत दोन लुगडी, गोळ्या आणि ते चेपलेलं ताट आहे. सळई तिनं मांडीवर धरलीय, जीपवाल्याला मागे ठेवू देत नाही. तिला सरळ कोठारात ने. आधी घर दाखवू नकोस, चहा विचारू नकोस. सगळ्यांत मधल्या थप्पीत खुपस, मागच्या भिंतीकडून. ओढलीस की तूच धर, समितीच्या माणसाच्या हातात आधी देऊ नकोस. आणि गरम लागली तर घाबरून दार लावून बसू नकोस, तीच पहिली इच्छा होते. सगळ्यांना बोलाव. अंगणात ओत. दुपारी, ढग सरल्यावर. कसं निवडायचं ते आई सांगेल, तुला चार शब्दही ऐकवेल, ऐकून घे. पायऱ्यांवर तिला हात दे. घेणार नाही, तरी दे.

गार लागली, तर मी चुकले आणि तुम्ही सुखी आहात. मग तिला उद्याच्या ट्रकनं परत पाठव. ठराव असला तरी पाठव. फाटक आतून उघडतं ना?

मी बेकरीवालीशी आणि मुकादमाशी बोलले. आमच्या चादरी धुऊन वाळल्यात. तुम्हाला निवडायला माणसं कमी पडतील, तुमच्यात हातानं धान्य निवडलेलं कितीजण असतील कोण जाणे. निरोप पाठव. आधी मुकादम नाही म्हणाला, त्यांनी आपलं पीठ पळवलं म्हणाला, आणि मग घाट चढायला ट्रकला किती वेळ लागतो ते विचारून गेला. आम्ही येऊ. फक्त फाटकाशी उभं राहून हाका मारायला लावू नका.

जीपवाला उठलाय. या वेळी खरंच.

बाबा आपल्याला मापांच्या नावानं हाका मारायचे. पायली आणि चिपटं. तुझ्या पायलीत माझी सोळा चिपटी मावतात, म्हणून तू लहानपणी मला चिडवायचास. आई आत्ता जीपमध्ये चढताना मला म्हणाली, पायलीला काही सांगायचंय का? तीन वर्षांनी तिनं तुझं नाव घेतलं, दादा. ते मी इथे लिहून ठेवते, कारण तुझ्यासमोर ती घेईलच असं नाही.

चिपटं